दाबायचं, सोडायचं

परवा राहात्याजवळ ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, पायाखाली पेडल थरथरलं आणि नव्वदच्या दशकातली ती अवकाळी पावसाची सकाळ आठवली. वडील एका बागायतदाराकडे ड्रायव्हर होते, सगळा जन्म जीपवर गेलेला. मालकांनी परदेशी गाडी आणली, तिला एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारा इलेक्ट्रॉनिक ब्रेक होता. "नुसता दाबून धरा," मालकांनी बजावलं होतं. टपरीवर चहा पिताना सगळे ड्रायव्हर त्यावर हसले. "ब्रेक पायात आसतो, मशिनीत न्हाई," वडील म्हणाले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्या सकाळी मालक शेजारी बसलेले, रस्त्यावर उसाचं पाचट भिजून निसरडं झालेलं, पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली. वडिलांनी ब्रेक दाबला, पेडल थरथरलं; एबीएस चालू झाला की ते थरथरतंच, पण त्यांना वाटलं ब्रेक गेला. जीपच्या सवयीनं ते पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबत राहिले. पाय उचलला की ब्रेक सुटायचा; गाडी ट्रॉलीवर आदळली, मालक जागीच गेले. वडील वाचले, पण स्टिअरिंगला पुन्हा त्यांनी हात लावला नाही. परवा मी ब्रेक दाबूनच धरला, गाडी थांबली. शेजारी बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. डोळे घट्ट मिटलेले, आणि उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेत दाबत होता, सोडत होता.