आंबागडाच्या पायऱ्या आणि रोवणाऱ्या बायकांची चाल

या ब्लॉगवर गेले चौदा महिने काही आलं नाही. कुणी विचारलं नाही म्हणा, तरी सांगते. नागपूरला आमच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, दळणाचा डबा हातात घेऊन मी पडले आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. सह्याद्रीतले कडे उतरलेली बाई स्वतःच्या घराच्या जिन्यात पडते, याचा राग मला गुडघ्यापेक्षा जास्त छळत होता. गुडघा जुळला. डॉक्टरांनी थोडी थोडी चढउतार करायला परवानगी दिली. पण पुण्याचा माझा मुलगा रोज फोनवर एकच पाढा म्हणायचा, की आई आता सपाटीवर फिर, आणि पुन्हा काही झालं तर सरळ इकडे राहायला ये.

खरं सांगायचं तर मी निरोपाची पोस्ट लिहूनही ठेवली होती. मग डिसेंबरात एका सकाळी स्वतःलाच बजावलं की एक सोपा डोंगर करून बघू. जमला तर ब्लॉग चालू. नाही जमला तर ती पोस्ट टाकायची आणि सॅक कुणाला तरी देऊन टाकायची.

मैत्रिणी म्हणाल्या कोकणात जा, जंगल, डोंगर, समुद्र, सगळं एका ठिकाणी. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव. समुद्र आमच्याकडे नाही. पण तलाव इतके आहेत, की काठाकाठाने चालायचं म्हटलं तर एक जन्म पुरायचा नाही. जंगल आहे, डोंगर आहेत, आणि मुख्य म्हणजे गीतावहिनी आहे. माझ्या मोठ्या भावाची बायको, वय त्रेसष्ट. फोनवर तिला बेत सांगितला, तर तिने एवढंच विचारलं की भाकरी किती टाकू.

नागपूरहून भंडाऱ्याला एसटी सतत असते. तिथून तुमसरच्या गाडीने मोहाडीला उतरलं की आंधळगावला ऑटो मिळतो. स्वतःची गाडी असेल तर रमतगमत अडीच तास धरा. धान कापून झालेलं, रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवंगार पसरलेलं. संध्याकाळी वहिनीबरोबर तलावाच्या पाळीवरून तासभर चालले. गुडघा गप्प होता. पाण्यावर बदकांची गर्दी होती आणि वहिनी मला कोण कुठे बाळंत झालं, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, हे सगळं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी चांदपूर. ओळखीच्या गुलाबभाऊंची जुनी व्हॅन दिवसभरासाठी ठरवली. तुमसरला तर्री-पोहे खाल्ले. नाजूक पोटाच्या वाचकांनी तर्री, म्हणजे तो तिखट रस्सा, वेगळी मागावी. तुमसरहून सिहोऱ्याच्या वाटेने गेलं की डोंगरांच्या कुशीत चांदपूरचा मोठा जलाशय येतो. टेकडीवर मारुतीचं देवस्थान आहे. शनिवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही गुरुवार धरला. काठावरून सागाच्या सावलीत चाललो. वाट इतकी सोपी, की नातवंडांना आणि आजोबांना एकदमच न्यावं. उतारही गप्पा मारत येण्यासारखा. परतताना मी इतकी फुशारले होते, की गाडीत बसून मुलाला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुझी आई सपाटीवर फिरते आहे.’

तिसरा दिवस आंबागडाचा, व्हॅन पुन्हा गुलाबभाऊंचीच. आंधळगावाबाहेरच्या वहिनीच्या शेतातून, हवा स्वच्छ असली की हा डोंगर दिसतो. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून दिसतो. आणि ती एकदाही वर गेलेली नव्हती. गाडीत मी तिला त्याचं कारण विचारलं.

“वर का काम होतं मले?” ती म्हणाली.

सकाळी आठला आम्ही पायथ्याशी होतो. लवकरच निघा, आणि ऊन उतरायच्या आत परत या. जंगलात अस्वलं आहेत आणि ती आपल्या वेळापत्रकाने हिंडतात. पायथ्याशी दुकान नाही, पाणी सोबत हवं. वर जायला बांधलेल्या पायऱ्या आहेत, काही ठिकाणी उंच, काही ठिकाणी ढिल्या. दोन्ही बाजूंना साग, ऐन, मधूनच मोह. मी काठी टेकत पुढे, वहिनी कंबरेला पदर खोचून मागे. दर पन्नास पायऱ्यांवर थांबत गेलो. दरवाजातून आत शिरलो तेव्हा मी अक्षरशः रडले. गोंड राजवटीतला हा किल्ला, पडक्या भिंती, रान माजलेलं, आणि बुरुजावरून खाली पाहावं तर दूरदूर तलावांचं पाणी चमकत होतं. वहिनी बराच वेळ आपलं शेत शोधत होती. सापडलं की नाही ते तिने सांगितलं नाही, पण ती हसत होती. मी निरोपाची पोस्ट मनातल्या मनात पुसून टाकली.

आणि मग उतरायला पहिल्या पायरीवर उभी राहिले.

इथे माझा गाढवपणा कबूल करते. वर्षभर मी आमच्या इमारतीत नेमाने सराव करत होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत रोज चार वेळा जिना चढायचे, आणि खाली यायचे लिफ्टने. चढणारी बाई म्हणून मी ठणठणीत झाले होते. उतरणारी बाई अजून दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच पडलेली होती.

खाली पाहिलं आणि डावा पाय थरथरायला लागला. दुखत नव्हतं, भीतीने थरथरत होता. एक पायरी उतरले, दुसरीवर बसले. बसून सरकायचा प्रयत्न केला, पण गुडघा तेवढा दुमडेना. वहिनीने खाली गुलाबभाऊंना फोन लावला, तर ते म्हणाले गावातून चार माणसं आणि खाट घेऊन येतो. खाटेवरून उतरलेली बाई पुण्यालाच जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, नको, थांबा.

वहिनी शेजारी येऊन बसली. “कुंदाबाई, काहून भेता तुमी?”

“खाली पाहिलं की आमचाच जिना दिसतो, वहिनी.”

“मंग पाहू नका ना खाली,” ती म्हणाली. “डोंगराकडं तोंड करा. आमी रोवताना कधी पुढं जातो काय? दिवसभर मागंच तं जातो. चिखल किती हाय, खड्डा कुठं हाय, पायाले समजते सारं.”

धान रोवणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. चिखलाच्या बांधीत ओळीने वाकायचं, हातातल्या पेंडीतले परे, म्हणजे भाताची रोपं, रोवायचे आणि एकेक पाऊल मागे सरायचं. मी बांधावर बसून पेरू खायचे आणि त्या मागे मागे जायच्या. त्या चालीकडे चाल म्हणून मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही दोघी वळलो. तोंड किल्ल्याकडे, पाठ दरीकडे. वहिनीने माझा डावा हात धरला, उजव्या हातात काठी. तिने शिकवलं तसं आधी पायाचा चवडा मागे नेऊन पायरी चाचपायची, ती हलत नाही हे कळलं की भार द्यायचा, मग दुसरा पाय. पायरी उंच असली की वाकून समोरच्या पायरीवर हात टेकायचा. पहिल्या दहा पायऱ्या मी मोठ्याने मोजल्या. विसाव्या पायरीला लक्षात आलं, की पाय थरथरत नाही. समोर फक्त नुकत्याच उतरलेल्या पायऱ्या दिसत होत्या, आणि त्या वाढत होत्या.

माझा वेग अगदीच गोगलगायीचा होता. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही व्हा पुढे. तिने नकारार्थी मान हलवली. रोवताना ओळ मोडायची नसते, असं तिने सांगितलं. एखादीचा हात सावकाश असला की शेजारीण तिच्या वाट्याचे चार परे लावून देते, पण तिला एकटी सोडत नाही. “तुमच्या वाट्याचं मी पाहून राहिली ना,” ती म्हणाली. आणि खरंच, दर पायरीला आधी तिचा पाय माझ्या बाजूचा दगड चाचपून जात होता. तिचेही गुडघे कुरकुरत होते, मला ऐकू येत होते.

मध्यावर वर येणारं एक वयस्क जोडपं भेटलं. दोन बायका हात धरून पाठमोऱ्या गड उतरताहेत हे पाहून त्यातल्या मावशी थबकल्या. “कोनता नवस हाय जी?” त्यांनी आदराने विचारलं. वहिनीने चेहरा जराही न हलवता सांगितलं, पायाचा हाय. मावशींनी आम्हा दोघींना हात जोडले. त्या नजरेआड झाल्यावर आम्ही पायरीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

शेवटच्या पायरीवरून मातीवर पाय टेकला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि जोरात ओरडले. गुलाबभाऊ धावत आले, त्यांना वाटलं पडले. गेल्या तीस वर्षांत मी बरीच शिखरं केली, पण पायथ्याला पोहोचल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

जेवण जवळच्या गायमुखाला, महादेवाच्या देवळाजवळ झऱ्यापाशी. तांदळाची भाकर, लाखोळीची भाजी, जवसाची चटणी. इथल्या सावलीतल्या वाटा अगदी सोप्या आहेत. ज्यांना गड चढायचा नाही त्यांनी इथेच दिवस काढावा. जेवता जेवता वहिनीने मान वर करून डोंगराकडे पाहिलं.

“आता बांधीतून पाहीन तवा मले समजंल,” ती म्हणाली, “तिथं का हाय तं.”

तुम्हाला ही चाल करून बघायची असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि हात धरायला असं माणूस न्या ज्याला घाई नाही. हे दुसरं मिळवणं जास्त अवघड आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला पोहोचले. लिफ्टने वर गेले, सॅक खुंटीला लावली, निरोपाची पोस्ट काढून टाकली. मग चहा टाकला तर दूध नासलेलं. चप्पल घातली, लिफ्टपर्यंत गेले आणि बटण न दाबता जिन्याकडे वळले. तोंड वरच्या पायऱ्यांकडे, कठड्यावर हात, पायाचा चवडा मागे. दुसऱ्या मजल्याच्या त्या वळणावर आले, थांबले. तिथली फरशी अजून थोडी टवकलेली आहे. तिथून मी वळले आणि खाली बघत, तोंड पुढे करून, उरलेल्या सगळ्या पायऱ्या उतरले.

खाली वॉचमन खुर्चीतून उठले. “मॅडम, लिफ्ट बंद पडली काय?”

“नाही, चांगली सुरू आहे,” मी म्हटलं, आणि दूध आणायला गेले.