जांभळ्या उजेडात घडलेलं चाक

उजेडानं घट्ट होणाऱ्या रेझिनची बाटली उघडली की येणारा उग्र वास मला थेट कुंभारी गावातल्या आमच्या घरात नेतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आईच्या शिलाई मशीनचं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटलं. तसलं चाक कुठंच मिळेना, आणि लग्नसराईचे ब्लाऊज तसेच पडून होते. मी ठरवलं, जुन्या प्रोजेक्टरच्या प्रकाशानं रेझिनचा एकेक थर घट्ट करत चाक घरीच बनवायचं. अतिनील किरणांनी रेझिन लवकर घट्ट होतं, म्हणून दिव्यापुढची, ते किरण अडवणारी काच काढून घ्यायला मी नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडं गेले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “आतल्या चिपवर लाखो बारके आरसे हायत, पोरी. ते किरण त्यांना सोसत न्हाईत. आरसे अडकले की चित्रावर नुसते ठिपके. त्यापेक्षा मंद जांभळा एलईडी लाव, अन् लागू दे की वेळ!” मी तसाच एलईडी आणून बसवला. रविवारी सकाळपासून थरावर थर चढत होता आणि आई सारखी डोकावून विचारत होती, “झालं का गं?” दुपारी चाक धुतलं, उन्हात ठेवलं, बसवलं. आईनं पेडल दाबलं आणि मशीन धडधडत सुरू झालं. ती एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारीण धावत आली. आता रेझिनच्या वस्तू घडवणाऱ्या यंत्रांत, तसल्याच आरशांच्या चिपवर किती आणि कुठला प्रकाश पडू द्यायचा हे ठरवणं हीच माझी नोकरी आहे, पण तसं हसणारं गिऱ्हाईक पुन्हा मिळालेलं नाही.