माफीनंतरचं वाक्य

आमच्या ह्यांनी पंचेचाळिशी उलटल्यावर पाळक व्हायचं ठरवलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. कारण साधं होतं. ह्यांचं सगळं आयुष्य बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेलेलं. डेपोत ह्यांना ‘चिमटा’ म्हणायचे, तोंडावर नाही अर्थात. म्हातारी असो की शाळेतली पोर, तिकीट नाही म्हणजे नाही. मी सरळ विचारलं, देवाला दुसरं कुणी मिळालं नाही का? हे म्हणाले, तोच प्रश्न मलाही पडलाय, म्हणून तर शिकायला चाललोय.



आमच्या ल्युथरन चर्चच्या धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास होता. पाळकीय सेवा, उपासना आणि मिशन. नोकरी सोडली, स्वयंपाकघरातलं टेबल बळकावलं आणि जाड चष्मा लावून हे वाचत बसायला लागले. मी भाजी ओट्यावर उभी राहून चिरायची. वर्गातली बाकीची मुलं भाच्या-पुतण्यांच्या वयाची. ह्यांना ‘काका’ म्हणायची आणि ह्यांच्याच वह्या उतरवून काढायची, कारण ह्यांचं अक्षर सरकारी आणि हजेरी शंभर टक्के.

मिशन शिकवणाऱ्या सरांनी एकदा सांगितलं, जिथे लोक आपल्याकडे येत नाहीत तिथे तुम्ही जा, उपदेश करू नका, नुसतं ऐकून घ्या. हे गेले जुन्या मार्गावरच्या बसमध्ये. ह्यांना चढताना पाहून दोघं मागच्या दारानं उतरले आणि उरलेल्यांनी न मागता तिकिटं वर धरली. मी नोकरी सोडली, आता फक्त तुमचं ऐकायला आलोय, असं हे सांगत राहिले. कुणी विश्वास ठेवेल तर शपथ. घरी येऊन हे हिरमुसून बसले आणि मी हसून हसून बेजार.

पण गाडं खरं अडलं ते उपासनेच्या वर्गात. आमच्याकडे पापांगीकार असतो. माणूस गुडघे टेकून आपली चूक कबूल करतो आणि पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, प्रभूच्या आज्ञेने तुझ्या सर्व पापांची क्षमा झाली आहे. बस. पुढे काही नाही. अट नाही, दंड नाही. वर्गात जोड्या लावून सराव करायचे. ह्यांची पाळी आली, हात ठेवला, वाक्य अगदी खणखणीत म्हटलं आणि त्याच दमात पुढे म्हणाले, पण पुन्हा असं होता कामा नये.

पोरं लोळली हसून. उपासना शिकवणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी हे म्हणाले, या खेपेला सोडतो. तिसऱ्यांदा तोंड घट्ट मिटून घेतलं, तर दटावणारं बोट वर झालं. बाईंनी बाजूला बोलावून सांगितलं की ही माफी तुमच्या खिशातली नाही, तुम्ही ती फक्त पोचवायची आहे. तुम्ही शेपूट जोडलंत की समोरच्याला शेपूटच ऐकू येतं. आणि शेवटच्या परीक्षेत, इथल्या चॅपेलमध्ये भरल्या मंडळीपुढे शेपूट आलं, तर मी दीक्षेसाठी तुमचं नाव पाठवणार नाही.

घरी आले ते चेहरा पाडून. नोकरी सोडलेली, दोन वर्षं गेलेली, आणि सगळं येऊन टांगलं होतं एका वाक्यावर, तेही न बोलायच्या.

मग घरी सराव सुरू झाला. पापी कोण? मीच, आणखी कोण. ओट्यासमोर चटई टाकून मी गुडघ्यांवर बसायची आणि पापं रचायची. शेजारणीची चादर इस्त्रीनं जाळली आणि नाव मांजराचं घेतलं, म्हटलं. ह्यांनी क्षमा केली आणि नवी चादर आणून द्यायला सांगितलं. उपदेश चालू असताना झोपले, म्हटलं. क्षमा केली आणि पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर बसायचा हुकूम सोडला. शेवटी मी हात टेकले. तुम्ही पाळक नाही हो, तुम्ही फिरतं पोलीस ठाणं आहात, असंही बोलले. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

इथे माझ्या भावाचं सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ ह्यांच्याच डेपोत कंडक्टर होता. लोकांनी टाकलेली तिकिटं गोळा करून पुन्हा विकतो, अशी तक्रार आली. ह्यांनी एका भर दुपारी त्याची बस थांबवली, प्रवाशांसमोर त्याची पिशवी उलटी केली आणि रिपोर्ट लिहिला. त्याची नोकरी गेली. तो मला रडत म्हणाला, ताई, ती तिकिटं माझी नव्हती, कुणीतरी पिशवीत टाकली. मी विश्वास ठेवला. माझ्या हातावर वाढलेला पोरगा, ठेवणारच. ह्यांनी तर त्या संध्याकाळी घरी येऊन मला चकार शब्द सांगितला नव्हता. मला कळलं ते भावजयीकडून. तेव्हापासून भाऊ आमच्या दारात आला नाही, आणि त्याचं नाव निघालं की माझा तिळपापड व्हायचा.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी हे पुन्हा चटई घेऊन आले. मला रचायला पाप सुचेना. गुडघे दुखत होते, डोकं उठलं होतं. ह्यांचा हात डोक्यावर आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“माझ्या नवऱ्यानं माझ्या भावाला देशोधडीला लावलं आणि मला सांगितलंही नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. करावंसंही वाटत नाही.”

ह्यांनी हात उचलला नाही. मग ह्यांनी ते वाक्य म्हटलं, हळू आवाजात, शेवटपर्यंत. मी वाट बघत राहिले. आता येईल, ‘पण तुझ्या भावानं’ असं काहीतरी येईल. काहीच आलं नाही.

मी भडकून उठले. चूक तुमची आणि क्षमा मला? हे म्हणाले, “म्हणूनच आता तू खुर्चीवर बस.” आणि चटईवर गुडघे टेकले.

“तुला मुद्दाम सांगितलं नाही,” हे म्हणाले. “तू रिपोर्ट फाडा म्हणाली असतीस, आणि मी फाडला असता. त्याची भीती वाटली मला.”

इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांना माझी किंमत नाही म्हणून सांगितलं नाही. मी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. टक्कल पडायला लागलंय, हे तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. ह्यांच्या उपासनेच्या पुस्तकातलं ते वाक्य वाचलं आणि लगेच म्हटलं, पण उद्याच्या उद्या भावाकडे जायचं. हे खालूनच म्हणाले, बाईंनी तुलाही नापास केलं असतं. मला रडताना हसू फुटलं. मग पुन्हा वाचलं, जेवढं लिहिलं होतं तेवढंच.

परीक्षेच्या दिवशी चॅपेल भरलेलं होतं. मंडळीनं पाप कबूल केलं, हे वळले, हात वर केला, वाक्य म्हटलं आणि थांबले. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, तेवढंच. बाईंनी खाली बघून कागदावर सही केली.

उपासना संपल्यावर हे म्हणाले, तू घरी जा, मी येतो. कुठे ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

घरी येऊन चपला काढतेय तोच फोन वाजला. भावाचा आवाज.

“ताई, भावोजी आलेत. दारात उभे आहेत. म्हणतात, सगळ्या प्रवाशांसमोर तुझी पिशवी उलटी केली, ते चुकलं. मी वाट बघतोय, तिकिटांचा विषय कधी काढतील. काढतच नाहीत.”

मग तोच म्हणाला, “ताई, ती तिकिटं मीच जमवली होती. तुला खोटं सांगितलं मी.”

त्याच्यासाठी मी किती भांडले होते. ह्यांच्याशी अबोला धरला होता, भावजयीसमोर ह्यांना नाही नाही ते बोलले होते, सगळं त्याच्या त्या एका वाक्यावर विसंबून. अंगाची लाही लाही झाली. तोंडात जे आलं होतं ते त्याला जन्मभर पुरलं असतं.

“भावोजींना आत घे,” मी म्हटलं.

“घेतो. आणि मला? मला काही बोलणार नाहीस?”

मी तोंडावर पदर दाबून धरला होता. तो काढला.

“नाही,” म्हटलं.