अण्णाला कोण उचलणार

कानडी मुलखात, मल्लेश्वरमच्या आमच्या घरात देवाधर्माला कधी तोटा नव्हता. अण्णासाठी तर मुळीच नाही. अण्णा माझा थोरला भाऊ. लहानपणी तापात त्याचे हातपाय गेले, वाचाही गेली. मिसरूड फुटून चांगला बाप्या झाला तरी त्याचं न्हाणं-धुणं, शी-शू सगळं आईच करायची. ती काखेत हात घालून उचलायची, मी पाय धरायची. येईल त्याला उपाय ठाऊक! कुणी अंगारा आणी, कुणी तेल, कुणी ताईत. वडील सोवळ्यातले, ते उंबऱ्यावरूनच विचारपूस करत.

साठ सालाच्या सुमारास आईच्या पोटावर गाठ आली. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या आणि पुढे काही महिने वजन उचलू नका. आईने विचारलं, "मुलगा वजनात धरायचा का हो?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या चैत्रात हळदीकुंकवाला बायका जमल्या. घरातलं दुखणं चारचौघींत काढायचं नाही, ही आमची रीत. आईने ती मोडली. भिजल्या डाळीच्या कोसंबरीच्या वाट्या देता देता म्हणाली, "ऑपरेशनला जायचंय मला. रोज स्वल्प वेळ कुणी येऊन अण्णाला उचलू लागाल का? पोरीला एकटीला झेपायचं नाही."

"अय्यो पाप, बिचारा!" एक म्हणाली. "देव बघतोय, अक्का," दुसरी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून डबे यायला लागले. हुळीची आंबट आमटी, चित्रान्न, पायस. अगं बायांनो, भूक कुणाला लागली होती! माझा नुसता संताप व्हायचा. आणि रिकामा डबा परत पाठवायचा नाही म्हणून आई तशा दुखण्यात लाडू वळत बसायची. उचलायला कुणी आलं नाही. ऑपरेशन गौरीनंतर, मग दसऱ्यानंतर, असं लांबत गेलं.

दिवाळीच्या आधी अण्णाला न्हाणीतून उचलताना आईच्या गाठीत आतडं अडकलं. हॉस्पिटलात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

तिला घरी आणलं तेव्हा खांदा द्यायला अख्ख्या गल्लीतले पुरुष धावले. सोवळ्यातले वडीलसुद्धा पुढे झाले. आत अण्णा सकाळपासून ओल्यात पडून ओरडत होता. तिकडे कुणी फिरकलं नाही.

माझी मावशी डोळे पुसत जवळ आली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नकोस गं. अण्णाची आता कसली काळजी? तू आहेस की."

बायकांनी माना डोलावल्या. वडिलांनीही.