बाळाआधीचे लाडू

कार्तिकात सचिवालय ग्वाल्हेरला हललं आणि त्याच्याबरोबर लक्ष्मीकांतही गेला. मध्यभारताचा कारभारच तसा होता, उन्हाळ्यात इंदूर, थंडीत ग्वाल्हेर. कारकुनांनी वळकट्या बांधायच्या आणि फायलींच्या मागं जायचं. इंदूरला रामबागेतल्या घरात उरल्या त्याची सातवा महिना लागलेली बायको रमा आणि विधवा आत्या गंगूबाई.

तिसऱ्याच दिवशी रमानं सियागंजच्या बाजारातून टांग्यात घालून सामान आणलं. डिंक, खारीक, सुकं खोबरं, गूळ, हळीव, बाळंतशेपा. जप करत बसलेल्या गंगूबाईंची माळ थांबली.

"हे काय?"

"बाळंतपणाचं. आत्ताच करून ठेवते, आत्याबाई. नंतर कोण करणार?"

"मागच्या वेळी अशाच आधी कुंच्या शिवून ठेवल्यास. काय झालं, पाहिलंस ना? बाळ हाती येईपर्यंत घरात काही करायचं नसतं. फालतू हट्ट नको."

दोन वर्षांपूर्वी रमाला मेलेली मुलगी झाली होती. त्याच दिवशी लक्ष्मीकांतनं डिंक आणून ठेवला होता. 'बाळच नाही, तर लाडू कुणासाठी?' म्हणून गंगूबाईंनी तो दुकानात परत पाठवला. अंगावर दूध दाटलेलं, कंबर धरलेली, आणि ताटात नुसता वरणभात. सुवेर फिटल्याबरोबर रमा चुलीपुढं बसली ती भोवळ येऊन आडवी झाली. बेटम्याचं माहेरही आई गेल्यापासून नावापुरतंच राहिलं होतं.

"बाळाचं देव जाणे," रमा म्हणाली. "बाळंतीण मात्र मी नक्की होणार. हे माझ्यासाठी आहे."

आणि तिनं ते लपून केलं नाही. आठ दिवस अंगणात शेगडी मांडून बसली. भाजणी भाजली, मेतकूट दळलं, तुपात डिंक फुलवला. तो वास पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थबकत, कुणी हळूच म्हणे, "बाई, थोडं थांबायचं होतंस." रमा मान वर न करता खोबरं किसत राही. गंगूबाईंनी कशाला हात लावला नाही. लाडवांचे दोन पितळी डबे भरले, झाकणांवर फडकी बांधली गेली.

पौषात शेजारी आक्रीत झालं. होळकरांच्या पागेत जमादारी केलेल्या जयसिंगरावांची सून शांता बाळंत झाली, पण मुलगा तासभरच जगला. चौथ्या दिवशी रमानं एक डबा काखेला मारला. गंगूबाई दारात आडव्या झाल्या.

"नववा महिना तुझा. त्या घरात पाऊल टाकू नकोस."

"बाजूला व्हा, आत्याबाई."

"काही झालं तर?"

"तर झालं. घरात बसून तरी मागच्या वेळी काय टळलं?"

गंगूबाई बाजूला झाल्या.

पलीकडच्या ओसरीवर शांताची सासू जनाबाई तांदूळ निवडत होती. डबा पाहून तिनं सूप खाली ठेवलं. "तुम्ही भरल्या पोटी यायला नको होतं, रमाबाई. आणि हे कशाला? पोरच राहिलं नाही, आता लाडू कुणासाठी?"

रमानं डबा ओसरीवर टेकवला. "शांतासाठी. कळा तिनं सोसल्यात. बाळ गेलं म्हणून तिचं अंग काय आपोआप भरून येणार आहे?"

जनाबाई काही बोलणार, तोच कोपऱ्यातून जयसिंगराव म्हणाले, "पागेत घोडीचं शिंगरू गेलं, तरी महिनाभर आम्ही तिला अळशी-गूळ चारायचो. जाऊ दे तिला आत."

शांता भिंतीकडं तोंड करून पडली होती. रमा तिच्या उशाशी बसली. लाडू फोडून तिच्या हातात दिला. शांतानं अर्धा खाल्ला, मग रडली, मग उरलेला अर्धा खाऊन हात पुढं केला.

रमा परतली तेव्हा मागच्या दारी गंगूबाईंनी न्हाण्याचं पाणी तापवून ठेवलं होतं. रमा केस पुसत बसल्यावर त्या चुलीकडं बघत म्हणाल्या, "मला तीन झाली. एकही राहिलं नाही."

"मग तुम्हाला काय खायला दिलं?"

गंगूबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "भाकरी," त्या म्हणाल्या. मग उठून फडताळ उघडलं. "डिंक उरलाय का थोडा?"

दुसऱ्या दिवशी कढई त्यांनी चढवली. रमाला पाक बिघडल्यासारखा वाटला, पण तिनं लाडू वळायला घेतले.

माघात रमाला दोन दिवस कळा देऊन मुलगी झाली. काळीसावळी, रडकी, जिवंत. ग्वाल्हेरला तार गेली. लक्ष्मीकांत रजा काढून आला तेव्हा रमा उशीला टेकून मेतकूट-भात जेवत होती आणि मूल गंगूबाईंच्या मांडीवर होतं.

"पेढे वाटू या?" त्यानं विचारलं.

"वाटा," रमा म्हणाली. "मुलगी झाली म्हणून जरा जास्तच वाटा."

पुढं रामबागेत कुणाला दिवस गेले की रमा सातव्या महिन्यातच डिंक फुलवायला घेई. नावं ठेवणारे ठेवत राहिले. शांताच्या पुढच्या बाळंतपणाला तर तिनं शेगडी मुद्दाम जनाबाईच्याच दारात मांडली.