काळ्या ढिगाचं तेल

इनुस हा कल्हईवाल्याचा पोरगा. बापानं शिरूर-दौंडच्या गावागावांत भाता फुंकून भांडी चकचकीत केली. मग घरोघर स्टील आलं, कल्हई गेली, आणि इनुस भंगारात शिरला. "कंपनीला जे नको, ते माझं," असं तो ऐटीत सांगायचा. दोन हजार सालानंतर रांजणगावच्या कंपन्यांकडनं मेलेले कॉम्प्युटर, फुटके टीव्ही, वायरींची भेंडोळी टेम्पो भरभरून त्याच्या जागेत येऊन पडायला लागली. वायर पेटवायची, वरचं प्लास्टिक जळायचं, आतलं तांबं राहायचं. धूर मात्र शेजारच्या हौसरावांच्या अंगणात जाऊन बसायचा. त्या धुरासाठी पुण्याहून प्रदूषण खात्याचा कुणी साहेब कधी आला नाही. पंख्याखाली बसलं की धूर दिसत नसतो.

बोंब मारली ती हौसरावांच्या कस्तुराबाईंनी. वाळत घातलेल्या कुरडया काळ्या झाल्या होत्या. जागाही हौसरावांचीच. हौसरावांनी इनुसच्या फाटकातच गाडी उभी केली.

"इनुस, सोमवारी येतो. धूर दिसला तर जागा खाली. मग तुझं भंगार डोक्यावर घे आन् कुठं बी जा."

"आप्पा, पोरं हितं वाढली माझी."

"म्हणून तर सोमवार दिला. न्हाईतर आजच म्हणलो असतो."

दौंडच्या बाजूला एक जण जुन्या टायरचं तेल काढायचा, ते इनुसनं बघितलं होतं. तसंच त्यानं जुळवलं. लोखंडी पिंपात प्लास्टिक, झाकण बोल्टनं आवळलेलं, फटींना माती. हवाच नाही तर आतलं जळणार कसं? नुसतं वितळायचं, त्याची वाफ व्हायची. ती वाफ बुलेटच्या जुन्या सायलेन्सरमधून जायची. सायलेन्सर पाणी भरलेल्या मोडक्या फ्रिजमध्ये बुडवलेला. तिथं वाफेचं तेल व्हायचं आणि उरलेला वायू परत चुलीत.

पहिल्या खेपेला टीव्हीची काळी खोकी घातली. चहाच्या रंगाचं तेल ठिबकलं. चिंधी बुडवून काडी लावली, तर भकाभका पेटली. इनुस बायकोला म्हणाला, "सरदारबी, कचऱ्यातनं रॉकेल काढलं बघ!"

"पहले सोमवार तो होने दो," ती म्हणाली.

सोमवारी हौसराव आले. त्यांना वायरच बघायची होती. इनुसनं काळ्या ढिगातनं भरली. भंगारात माल रंगावर लावतात. काळं ते काळं, मग ते खोकं असो की वायर. चूल पेटली. हौसराव मान वर करून आभाळ बघत राहिले. धूर नावाला नाही.

"च्यायला, जमवलंस की! राहा आता निवांत," असं म्हणत हौसराव गाडीला किक मारून गेले.

इनुसनं खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण त्याच्या घशात काहीतरी चावत होतं. सरदारबी पदरानं डोळे पुसत होती. तेलाखाली गढूळ पाणी साचलं होतं. तेल काढायला घेतलेली पितळी पळी दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी पडली, तिच्यावरची बापाच्या हातची कल्हई उडालेली. सायलेन्सरचा सांधाही एका रात्रीत गंजला. पिंप तेच, चूल तीच, ढीग तोच काळा. मग परवा गोड वागलेलं पिंप आज का चावतंय? त्यानं माती बदलली. लाकडाला शिव्या घातल्या. फाटकाला लिंबूसुद्धा बांधलं. काही केल्या उलगडेना.

शेवटी त्यानं डब्याच्या दोन झाकणांत माल घेतला. एकात खोक्याचा तुकडा, दुसऱ्यात वायरीचं टरफल. खाली निखारे. खोक्याचा वास नेहमीचाच, घाणेरडा. वायरीचा आला आणि तो झटक्यानं मागं सरला. बापाच्या भट्टीवर नवसागर टाकला की नाकात असंच खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. नवसागर तांब्यापितळेचा मळ खातो, म्हणून तर कल्हई बसते. पण वायरीत नवसागर घातला कुणी? वायरीच्या प्लास्टिकमध्येच क्लोरीन असतं आणि तापलं की त्याची आम्लाची वाफ होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हंजी धूर गेला, आन् न दिसणारं काहीतरी राहिलं," तो सरदारबीला म्हणाला.

"आप्पा को दिखता नहीं ना? फिर चुप बैठो. जगह बची."

तो गप्प बसला. दोन दिवस बसला. मग बघतो तर अंगणात कस्तुराबाई नव्या कुरडया घालत होत्या आणि मधूनच खोकत होत्या. खोकला धुळीचा की त्याचा, कोण सांगणार? तो तसाच हौसरावांच्या ओट्यावर गेला.

"आप्पा, वायरीचं काय खरं न्हाई. धूर दिसत न्हाई, पर हाय."

"दिसत न्हाई तर हाय कसा? तू शुद्धीत हायस नव्हं?"

"ही पळी बघा. पितळ खाल्लंय त्यानं. माणसाचं नरडं काय लोखंडाचं हाय व्हय?"

हौसरावांनी पळी उलटसुलट केली, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "जागा जायची भीती न्हाई वाटली, हे मला सांगायला?"

"वाटली की. अजून वाटतीय."

मग हौसरावांनी पळी परत दिली. "वायर घालू नको. बाकीचं चालू दे. मलाबी काय कळंना राव."

तेव्हापासून इनुसच्या जागेत काळ्याचे दोन ढीग. खोकी पिंपात जातात. वायर सरदारबी ब्लेडनं सोलते, बोटं कापून घेते आणि इनुसचा उद्धार करते. सोललेली टरफलं मात्र पोत्यात भरून भिंतीला लावलेली. ती जाळायची नाहीत, एवढं इनुसला ठाऊक आहे. न्यायची कुठं, ते कुणालाच ठाऊक नाही.