चाळीमागची रुई

१४ मे १९८४. लोणच्याच्या कैऱ्या फोडून मीठ लावून ठेवल्यात. हात अजून चुरचुरतायत.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – त्यानं कधी विचारलं नाही.

लग्नानंतर आम्ही खोपोलीत, शिळफाट्याजवळ चाळीत राहायचो. मूल नव्हतं, नवरा कारखान्यात पाळीवर. चाळीमागं पडीक तुकडा होता – रुई, घाणेरी, फुटक्या बाटल्या. पलीकडच्या खोलीतली मंदा मला तिथं न्यायची. उन्हानं सगळं करपलं तरी रुई हिरवी, आणि तिच्यावर केशरी फुलपाखरं. पान उलटून ती पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या दाखवायची. मला फुलपाखरांचं काय होतं? खरं सांगू – मला सोबत हवी होती. दुपारी तिची हाक यायची, तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

मग चाळीत नवी बाई आली. एका दुपारी हाक आली नाही. खिडकीतून पाहिलं, तर दोघी रुईपाशी वाकलेल्या. संध्याकाळी मंदा हसत म्हणाली, "ती गप उभी राहते गं. तू बोलून बोलून सगळी उडवतेस."

थट्टाच होती. पण लागली.

त्याच आठवड्यात जवळच्या कुंभिवली गावचा शेतकरी बाळूदादा बैलगाडी घेऊन आला. भाताची रोपं टाकायची जागा आधी पालापाचोळा घालून भाजतात, त्या राबासाठी त्याला पाला हवा होता.

"ह्ये तोडू का, ताई? मागल्या साली मंदाताई नको म्हनल्या व्हत्या."

"तिनंच सांगितलंय, न्या म्हणून."

विचारसुद्धा करावा लागला नाही.

मंदा बाजारातून आली तेव्हा तो शेवटचा भारा बांधत होता. ती त्याला नाही नाही ते बोलली. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं – नाही का? मी म्हटलं, "या लोकांना कितीही सांगा."

"चुकलं, ताई," तो म्हणाला. मला म्हणाला की तिला, ठाऊक नाही. गाडी घेऊन गेला.

मंदा माझ्याच खांद्यावर रडली. आणि मला – हेच सांगायचं होतं – मला बरं वाटलं.

हाक मात्र पुन्हा आली नाही. जायचं कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मोकळ्या जागेत दोन बांबू रोवले, दोरी ताणली, कपडे वाळत घातले. चादरीवर एक पट्ट्यांची अळी चढली होती. ती झटकली आणि पुढची चादर घेतली.